टाटा, चिमी आणि माझी हिशेबाची वही

मी परभणीजवळ एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो, म्हणजे कोणी किती पोती खत उधारीवर नेलं, सोयाबीन विकल्यावर किती जमा केलं, असलं सगळं. त्यामुळं घरात पैशाचं काहीही निघालं की वही आपोआप माझ्याकडं येते. ताईच्या पोरीचं दुखणं निघालं तेव्हा पण तसंच झालं. जुलै २०२२ ला मी एक दोनशेपानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडं लिहिलं "आपले", उजवीकडं लिहिलं "उसने". तिसरा रकाना लागेल असं तेव्हा डोक्यातच नव्हतं.

चिमी तेव्हा सहा वर्षांची. पंधरा दिवस ताप जाईना. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून सलाईन लावले, मग रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची तर आम्ही आपलं तेल लावून चोळायचो, वाढीचं वय आहे म्हणायचो. मांडीवर निळे डाग दिसले तर माझी आई थेट शाळेत गेली बाईंना विचारायला की आमच्या लेकराला मारलं कोणी. अजून त्या बाई दिसल्या की मला लाज वाटते. शेवटी परभणीत बालरोगतज्ञांनी सीबीसी केली, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. पांढऱ्या पेशी ८६ हजार, प्लेटलेट १९ हजार. डॉक्टर कागदाकडं बघत बसले आणि म्हणले, टाटाला न्या, आज रात्रीच निघा. टाटाला म्हणलं की मराठवाड्यात कोणी पुढं काही विचारत नाही. सगळ्यांना कळतं.

देवगिरी एक्सप्रेसनं गेलो, जनरल डब्यात, ताई, दाजी, चिमी आणि मी. दादरला उतरून परळ. टाटा मेमोरियल म्हणजे १९४१ चा कॅन्सरचा दवाखाना, आता केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडं आहे, दाजी त्या टेन्शनमधे पण विचारायचे की दवाखान्याचा न् अणुबॉम्बचा काय संबंध. गेटवर जी गर्दी बघितली ती आमच्याकडं फक्त जत्रेत असते. आणि बाहेर फुटपाथवर ताडपत्री टाकून बसलेली माणसं, नाकात नळी असलेली, मांडीवर फाईल असलेली, बंगाल, बिहार, यूपी कुठून कुठून आलेली. ताईनं चिमीचं तोंड पदरानं झाकलं. कशाला झाकलं कोणास ठाऊक.

फाईल निघाली, रक्त झालं, बोनमॅरो झाली (कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढतात, मी बाहेर थांबलो, दाजी आत गेले आणि पांढरेफटक होऊन बाहेर आले). निदान आलं, एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांत सगळ्यात जास्त होणारा. मॅडम डॉक्टर तरुण होत्या, मराठीत बोलल्या. म्हणल्या हा बरा होणाऱ्यातला आहे, पण अडीच वर्षं ट्रीटमेंट चालेल आणि मधे सोडायची नाही. मी पैशाचा प्रश्न तोंडावर आणूनच बसलो होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुम्ही राहता कुठं?" मला वाटलं विषय बदलतायत. नव्हत्या बदलत, ते मला महिन्याभरानं कळलं.

राहायची सोय म्हणजे एका चाळीत माळ्यावरची खोली, दिवसाला ७०० रुपये, संडास खाली, पाणी सकाळी दीड तास. आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी केली होती पण तिथं जागा नव्हती, सगळीकडं वेटिंग असतं. वहीत डावीकडं रोज ७००, ७००, ७०० पडायला लागले.

मग आम्हाला सोशल वर्करकडं पाठवलं. टाटात लहान मुलांच्या विभागाचं इम्पॅक्ट फाउंडेशन म्हणून आहे, पैसे, राहणं, खाणं, रक्त, समुपदेशन असं औषध सोडून जे जे लागतं ते सगळं तिथून हलतं. समोर बसलेल्या ताई फॉर्म भरायला लागल्या. शेती किती? कोरडवाहू का बागायती? जनावरं किती? कर्ज? घरात कमावणारे किती, खाणारे किती? आता मी रोज हेच प्रश्न शेतकऱ्यांना विचारतो, उधारी द्यायची का नाही ते ठरवायला. त्यामुळं मला वाटलं ही बाई वसुलीचा अंदाज घेतेय. मी एक एकर कमी सांगितली. खरंच सांगतो. दोन एकर कोरडवाहू आहे दाजींची, मी एकच सांगितली. आणि मनात एकच, फुकट कोण देतं राव, कुठंतरी सही करून घेतील आणि नंतर कळेल.

तसं काही नव्हतं. कसं चालतं ते नीट सांगतो, कारण मला कोणी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस वाचले असते. पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचं, म्हणजे कॅन्सरच्या औषधांचं, बरंच बसतं (तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, आता पाच लाख झालीये). त्याच्या वरचं जे उरतं त्याचं हॉस्पिटल एस्टिमेट काढून देतं, आणि सोशल वर्कर ते एस्टिमेट घेऊन ट्रस्टकडं जातात, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायकसारखे ट्रस्ट आहेत, कंपन्या आहेत. पैसा आपल्या हातात येत नाही. हॉस्पिटलच्या खात्यात जातो, पेशंटच्या फाईल नंबरवर. मला याचा आधी राग आला, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. नंतर वाटलं बरंय, हातात आला असता तर निम्मा सावकाराकडं गेला असता. आमच्या घरात तरी नक्कीच गेला असता.

आणि संस्था कुठं लांब ऑफिसात बसलेल्या नसतात, ओपीडीतच त्यांची माणसं असतात. कडल्स फाउंडेशनच्या एक डायटिशियन मुलांच्या दंडाला टेप लावून घेर मोजायच्या. वजनापेक्षा दंड मोजतात, कारण गाठ किंवा अंगावर सूज असली की वजन फसवतं. चिमीचा दंड बघून त्यांनी अंडी, केळी आणि डाळ-तांदळाचा हिशेब ताईला लिहून दिला. अंडं पूर्ण उकडलेलंच, काकडी-कोथिंबीर कच्ची नाही, फळ जाड सालीचंच, पाणी उकळून. ताई म्हणली खोलीत स्टोव्ह लावू देत नाहीत, पाणी उकळू कशावर? त्या बाईनं ते पण कागदावर लिहून घेतलं. मला नवल वाटलं, यात लिहून घेण्यासारखं काय आहे.

आता कागदांचं रडगाणं. रेशनकार्डावर चिमीचं नावच नव्हतं. सहा वर्षांची पोरगी, कोणी घालायलाच गेलं नाही. आधारवर नाव एक, जन्मदाखल्यावर दुसरं. योजनेसाठी दोन्ही लागतं. मी परत गावी आलो आणि एका सरकारी ऑफिसात (नाव नाही घेत, परत काम पडतं) अकरा दिवस चकरा मारल्या. साहेब दौऱ्यावर, सर्व्हर डाऊन, मग उद्या या. अकराव्या दिवशी मी चिमीचा डोक्याचे केस गेलेला फोटो मोबाईलवर उघडून टेबलावर ठेवला आणि काहीच बोललो नाही. वीस मिनिटांत नाव चढलं. त्या अकरा दिवसांत औषधं थांबली नाहीत ती फक्त सोशल वर्करनं कुठल्यातरी दुसऱ्या फंडातून तेवढ्यापुरतं भागवलं म्हणून. वहीत ते कुठं लिहायचं कळेना. उसने नाहीत, आपले नाहीत. तिथं तिसरा रकाना मारला. त्याला नाव दिलंच नाही.

याच काळात एक गडी भेटला गेटच्या बाहेर, म्हणे चिमीचा व्हिडिओ करू, रडताना घेऊ, लोक ऑनलाईन पैसे टाकतात, माझे शंभरातले वीस. मी होच म्हणणार होतो. ताईनं चप्पल काढली. तो विषय तिथं संपला.

चिमीला डेक्सा नावाचं स्टिरॉईड सुरू झाल्यावर भुकेचा राक्षस संचारला अंगात. स्टिरॉईडनं तसं होतं सगळ्याच मुलांना, आम्हाला माहीत नव्हतं. रात्री दोन वाजता उठून पिठलं-भात मागायची, तो पण गरमच. परळला रात्री दोन वाजता पिठलं कुठून आणायचं? दाजी एकदा खाली उतरून अंडाबुर्जी घेऊन आले गाडीवरची, ताईनं फेकून दिली, बाहेरचं नाही द्यायचं म्हणून, आणि मग तिघंपण रडत बसले, चिमी भुकेनं आणि हे दोघं कशानं काय माहीत. मग एक दिवस ताप आला. केमोनं पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, त्यात ताप म्हणजे थेट कॅज्युल्टी, सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे आम्हाला बजावून सांगितलेलं. नऊ दिवस ॲडमिट होती. इन्फेक्शन कशानं झालं ते कोणी सांगू शकत नाही, पण तो माळा, ते साठवलेलं पाणी आणि तो संडास माझ्या डोळ्यांपुढून जाईना. वॉर्डात सोशल वर्कर ताई आल्या होत्या, त्या म्हणल्या, "दादा, स्वच्छ खोली पण औषधच आहे. मॅडमनी म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सेंट ज्यूडमध्ये जागा झाल्याचा फोन आला. ही सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स म्हणून संस्था आहे, निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी २००६ ला मुंबईत आठ कुटुंबांपासून चालू केलेली, आता बऱ्याच शहरांत आहे. आपण स्वतः जाऊन दार वाजवायचं नसतं, हॉस्पिटलच नाव पाठवतं. लहान मूल, बाहेरगावचं, घरची परिस्थिती बेताची, आणि ट्रीटमेंट चालू. आमची सोय कॉटन ग्रीनला झाली, पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती आहेत तिथं. खोलीचं भाडं शून्य. हॉस्पिटलला जायला गाडी. दर आठवड्याला कोरडा शिधा. चपला बाहेर, हात धुऊन आत, पाणी फिल्टरचं. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक पण प्रत्येकीचा ओटा न् शेगडी वेगळी, आणि जेवण आपणच बनवायचं, आपल्या चवीचं. हे मला सगळ्यात आवडलं. आयतं ताट दिलं असतं तर चिमीनं ते खाल्लं नसतं आणि ताईला दिवसभर करायला काही उरलं नसतं, नुसती बसून विचार करत राहिली असती.

मला तिथं राहता येत नव्हतं, फक्त आई-बाप आणि पेशंट. मी म्हणलं मामा म्हणजे अर्धी माय. मॅनेजर हसले, पण नियम तो नियम. गर्दी झाली की इन्फेक्शन आलंच. मी रात्रीच्या गाडीनं परत.

पण ताईला पहिले आठ दिवस ते सहन होईना. फोनवर म्हणायची, आपण काय भिकारी आहोत का, दुसऱ्याच्या तांदळावर किती दिवस काढायचे. शिध्यातली साखर वापरायची नाही, गावाकडून नेलेली वापरायची. आमच्याकडं लग्नात एक वेळ जेवलं तरी आहेर करतात, फुकटाचं अंगी लागत नाही म्हणतात. तिला कोणी समजावलं वगैरे नाही. तिच्या शेजारच्या ओट्यावर झारखंडची एक बाई होती, तिच्या मुलाला पण हाच आजार, ताईला हिंदी येईना आणि तिची हिंदी वेगळीच, पण दोघींचं जमलं. त्या बाईला भाकरी थापायची होती. ताईनं तिला ज्वारीचं पीठ दिलं, शिध्यातलं नाही, आपलं गावचं. त्या दिवसापासून ताई शिध्यातली साखर पण वापरायला लागली.

पस्तीस दिवसांनी परत बोनमॅरो झाली आणि रिपोर्ट चांगला आला. रेमिशन. आजाराच्या पेशी दिसत नाहीत. आणि खरा घोळ इथं झाला, हे मी जरा दमानं सांगतो कारण अशानंच लेकरं जातात. आम्हाला वाटलं बरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिसत नाहीत म्हणजे गेल्या असं नाही, लपलेल्या असतात, पुढचे टप्पे पूर्ण करायचेत. पण कानाला जे पाहिजे तेच ऐकू येतं. दिवाळीला चार दिवसांची परवानगी घेऊन गावी आले. घरी सगळे बघायला. दाजींचे चुलते अंगणात बसून म्हणाले, "झाली ना बरी? मग? पोरीच्या जातीला अजून किती घालायचं?" ताई आत भाकरी करत होती, थापण्याचा आवाज बंद झाला. दाजी काहीच बोलले नाहीत. मी पण नाही बोललो, पाहुण्यांच्या घरात काय बोलायचं म्हणून. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चाराचे आठ दिवस झाले. दाजींचं काम गेलेलं, ते गुत्तेदाराकडं परत लागायच्या बेतात. तारीख चुकली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सोशल वर्करचा फोन. दाजींनी येतो म्हणून सांगितलं. परत फोन, दाजींनी उचललाच नाही. तिसरा फोन मला, दुकानात, ऐन सोयाबीनच्या सीझनमधे, काट्यावर माल चढलेला. माझी चिडचिड झाली, यांना काय पडलंय एवढं. त्या रागावल्या नाहीत, पैशाचं पण काढलं नाही. एवढंच म्हणल्या, "दादा, घरी जाऊन चिमीच्या गोळ्यांचं पाकीट बघा, किती गोळ्या उरल्यात तेवढं मोजून मला सांगा." मी मोजायचं काम करतो. गेलो, मोजल्या. जेवढ्या उरायला पाहिजे होत्या त्यापेक्षा अकरा जास्त. म्हणजे गोळ्या पण बंद केल्या होत्या. फोनवर आकडा सांगताना माझा आवाज गेला. त्याच रात्री देवगिरी.

नंतर त्यांनी सांगितलं की आधी कितीतरी घरं अशीच मधे सोडून गावी जायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही, म्हणून आता प्रत्येक चुकलेल्या तारखेच्या मागं फोन असतो, लागेल तिथं खोली, लागेल तिथं पैसा. मुलींच्या बाबतीत जास्तच बघावं लागतं म्हणे, मुळात मुली दवाखान्यापर्यंत कमी पोहोचतात. दाजींना समुपदेशनाला बसवलं होतं एकट्याला. आत काय बोलणं झालं माहीत नाही, पण त्यानंतर चुलत्यांना दाजींनीच उत्तर दिलं, मी नव्हतो तिथं, ताईनं सांगितलं.

अजून एक गंमत. चिमीला केमोमधलं जे व्हिन्क्रिस्टिन द्यायचे ते मूळ सदाफुलीपासून काढलेलं आहे असं एका सिस्टरनी सांगितलं. आमच्या दारात तुळशीशेजारी सदाफुलीचं हे मोठं झाड. आईला कळलं तर तिनं पानं तोडून काढ्याला ठेवली. नशीब ताईनं फोनवर विचारलं. मॅडम डॉक्टर अशा ओरडल्या म्हणे, ते पान नुसतं खाल्लं तर विष आहे, औषध वेगळं, काढा वेगळा. आई अजून त्या झाडाला रोज पाणी घालते, पण हात लावत नाही.

बाकीची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे आहेत पण सगळी सारखीच. पाठीतली इंजेक्शनं, काउंट वर, काउंट खाली, तोंडात फोड, प्लेटलेट (एकदा मी पण दिले, दोन्ही हात हलवायचे नाहीत, नाक खाजतं). मेंटेनन्स, म्हणजे गोळ्यांचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झाल्यावर गावी राहू देतात, रोज ६-एमपी नावाची केमोची गोळी, परभणीत सीबीसी करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकायचा, मग तिकडून गोळी किती घ्यायची ते येतं, अर्धी, पाऊण. रेल्वेला सवलतीचा फॉर्म हॉस्पिटल देतं, स्लीपरला पेशंटचं तिकीट फुकट आणि सोबतच्याला पण बरीच सूट. जनरल डब्यात नेलं होतं आम्ही तिला पहिल्यांदा, प्लेटलेट १९ हजार असताना. आता अंगावर काटा येतो.

फेब्रुवारी २०२५ ला शेवटची गोळी. चिमी आता तिसरीत आहे, केस कुरळे आलेत, आधी सरळ होते.

मी वहीची बेरीज केली होती. डावीकडचा आकडा आला, उसन्याचा पण आला, निम्मे फिटलेत. तिसऱ्या रकान्याची होत नाही. काही ठिकाणी ट्रस्टचं नाव आणि रक्कम आहे, काही ठिकाणी नुसतं "अंडी ३०", "खोली, १४ महिने", "फोन ३". देणारे कोण ते बहुतेक ठिकाणी कळलंच नाही. मी सोशल वर्कर ताईंना विचारलं होतं, नाव लिहून ठेवायचं म्हणून, त्या हसल्या नुसत्या. आणि ती जी मी एक एकर चोरली होती ती पण मी त्यांना नंतर सांगितली. म्हणल्या, सगळेच एक चोरतात.

झारखंडच्या त्या बाईचा मुलगा २०२३ ला गेला. आजार परत उलटला होता. ताईनं दोन दिवस जेवण सोडलं होतं, आणि तिला फोन लावायची हिंमत होईना, चिमी मागं खेळताना दिसेल म्हणून. शेवटी तिकडूनच आला. अजून येतो, रविवारी, व्हिडिओ कॉल. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत नाही. चिमी कुठंय हे मात्र दर वेळी विचारते, आणि चिमी समोर आली की मोबाईल तव्याकडं करून भाकरी दाखवते. तिच्याकडं ज्वारी मिळत नाही, मक्याची करते, कडा फाटतात. ताई इथून हातानं दाखवते, पाणी कमी, पाणी कमी.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढची तारीख सीझनमधेच येतेय, मालकाला सांगून ठेवलंय. कोणाला टाटाला जायचं काम पडलं तर मला मेसेज करा, फॉर्म कुठला न् खिडकी कुठली ते सांगतो. आणि नसलं पडलं तरी घरातल्या लेकराचं नाव रेशनकार्डावर चढलंय का तेवढं बघून घ्या, आणि आधारचं स्पेलिंग.